दिवा विझला, भट्टी पेटलेलीच!

फर्स्ट इयरच्या केमिस्ट्रीत नर्न्स्ट इक्वेशन आपण सगळ्यांनीच घोकलंय. पण व्हायवाला कुणी विचारलं, की हा नर्न्स्ट होता कोण, तर आपली दांडी गुल! म्हणून हा लेखप्रपंच.

वाल्थर नर्न्स्ट यांचा जन्म २५ जून १८६४ रोजी तेव्हाच्या पश्चिम प्रशियातल्या ब्रीझेन गावी झाला. हे गाव आता पोलंडमध्ये आहे. आपलं ते सुप्रसिद्ध समीकरण त्यांनी १८८९ साली मांडलं, तेव्हा वय होतं अवघं पंचवीस. पुढे गॉटिंगेनला प्राध्यापक असताना त्यांना दिव्याचा नाद लागला. त्या काळी कार्बनच्या तारेचे बल्ब होते. वीज खायचे फार आणि उजेड द्यायचे थोडा.

नर्न्स्ट यांनी वेगळीच वाट धरली. धातू तापला की वीज कमी वाहून नेतो. काही ऑक्साइडचं मात्र उलट, तापली की वाहकता वाढते. त्यांनी सुमारे ८५ टक्के झिर्कोनिया आणि १५ टक्के इट्रिया मिसळून बारीक सळी केली आणि भट्टीत भाजली. नुसता झिर्कोनिया भाजून थंड केला की त्याची स्फटिकरचना बदलते, आकारमान वाढतं आणि तुकडा तडकतो. इट्रियामुळे हे टळतं. शिवाय जाळीत ऑक्सिजनच्या जागा रिकाम्या राहतात आणि त्यातून आयन पुढे सरकतात.

पण खरी मेख भाजण्यात आहे. आच कमी पडली, तर पोकळ छिद्रं राहतात आणि आयनांचा रस्ता तुटतो. कच्च्या मालात सिलिका असेल, तर भाजताना कणांच्या सीमेवर काचेसारखा थर जमतो आणि रोध वाढतो. म्हणजे रेसिपी तीच, पण भट्टी बदलली की रिझल्ट बदलला!

एईजी कंपनीने हा दिवा घेतला आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात मिरवला. उघड्या हवेतही तो जळायचा. दोष एकच: थंड सळीतून वीज जात नाही, म्हणून आधी ती तापवावी लागे. पुढे टंगस्टनचा बल्ब आला आणि हा दिवा मागे पडला.

नर्न्स्ट थांबले नाहीत. १९०६ साली त्यांनी उष्णतेचा सिद्धान्त मांडला, तोच थर्मोडायनॅमिक्सचा तिसरा नियम. १९२० चं नोबेल मिळालं. घरात मात्र दुःख होतं. पहिल्या महायुद्धात दोन्ही मुलगे गेले. त्या युद्धात त्यांनी स्वतः शस्त्रसंशोधनही केलं होतं, हे विसरून चालणार नाही. दोन मुलींचे नवरे ज्यू होते. हिटलरच्या राजवटीत त्यांना देश सोडावा लागला. १९३३ मध्ये नर्न्स्ट निवृत्त झाले आणि गावाकडे मासे पाळत राहिले. १८ नोव्हेंबर १९४१ रोजी ते वारले.

त्यांच्या सळीतून वीज नेमकी कशी वाहते, हे कार्ल वाग्नर यांनी रिकाम्या जागांच्या आधारे उलगडलं १९४३ मध्ये. दोनच वर्षं उशीर!

आज बहुतेक पेट्रोल कारच्या एक्झॉस्टमध्ये झिर्कोनियाचा ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याचा व्होल्टेज कशाने काढतात? नर्न्स्ट इक्वेशननेच. पंचविशीतलं समीकरण आणि फसलेल्या दिव्याची सळी शेवटी एकाच नळीत भेटली. तेव्हा दोस्तहो, एखादा प्रोजेक्ट फसला तर लगेच भंगारात टाकू नका. फक्त भट्टीचं तापमान तेवढं वहीत नीट लिहून ठेवा!