ढोलकीपासून लेखणीपर्यंत : लोकशाहीर अण्णा भाऊ साठे

दरवर्षी ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्याच्या परिसरात भीमस्मृती यात्रा भरते. १९३७ साली न्यायालयीन कामासाठी धुळ्यास आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर या बंगल्यात उतरले होते, त्या स्मृतीला वंदन करण्यासाठी खानदेशातील गावोगावचे लोक तेथे येतात आणि दिवसभर भीमगीतांचा गजर चालतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्टला, लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांची जयंती असते. दिनदर्शिकेत या दोन तारखा शेजारी शेजारी आहेत. आपल्या वस्त्यांमध्ये मात्र त्या अजूनही दोन वेगवेगळ्या गल्लींत साजऱ्या होतात. एका गल्लीतील पताका दुसऱ्या गल्लीत क्वचितच जातात. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला ही गोष्ट नेहमी सलते, कारण ज्या माणसाच्या नावाने ती दुसरी गल्ली सजते, त्याने ही भिंत आपल्या हयातीतच ओलांडली होती.

अण्णा भाऊंवर लिहिण्यास आणखी एक कारण आहे. आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज भीमगीतांच्या पार्ट्यांत, कलापथकांत, वाद्यवृंदांत रमले आहेत. त्यांचे पालक काळजीने विचारतात, की गळा चांगला आहे हे खरे, परंतु गळ्यावर घर चालते काय? या प्रश्नाला सोपे उत्तर नाही. अण्णा भाऊंच्या आयुष्यातही ते सोपे नव्हते.

तुकाराम भाऊराव साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव येथे झाला. हे गाव वाळवे तालुक्यातील. तेव्हा सातारा जिल्ह्यात असलेले, आज सांगली जिल्ह्यात मोडते. वडील भाऊराव मुंबईत माळीकाम करीत, आई वालुबाई गावी राबत असे. मातंग समाजावर तेव्हा गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का होता. काहीही गुन्हा केलेला नसताना हजेरी देणे, गावाबाहेर जाण्यास परवानगी मागणे, कोठे चोरी झाली की प्रथम आपल्याच दारात पोलीस येणे, हे त्या समाजाचे रोजचे जिणे होते. ज्याला जन्मतःच गुन्हेगार ठरविले, त्याने पुढे रंगमंचावर उभे राहून खरा गुन्हेगार कोण हे हजारो लोकांना विचारावे, यात मला मोठा ऐतिहासिक न्याय दिसतो.

त्यांचे शिक्षण दीड दिवसाचे. शाळेत गेले, मार मिळाला, आणि पुन्हा त्या पायरीवर चढले नाहीत. निवासी शाळेच्या स्मरणिकेत हे वाक्य लिहिताना शिक्षकाचा हात थोडा अडखळतो. अण्णा भाऊ शाळेविना मोठे झाले, असे काही लोक कौतुकाने सांगतात. माझ्या मते त्यात कौतुकाचे काही नाही. एका छडीमुळे एक मूल कायमचे वर्गाबाहेर गेले, आणि त्याच्यासारखी जी इतर असंख्य मुले बाहेर गेली त्यांची नावे आपल्याला ठाऊकही नाहीत.

१९३०च्या दशकाच्या आरंभी साठे कुटुंब वाटेगावहून मुंबईला निघाले ते पायी. वाटेत मिळेल ती मजुरी करीत, मिळेल तेथे मुक्काम करीत ही माणसे भायखळ्याच्या चाळीत पोहोचली. पोरसवदा तुकारामने हमाली केली, कोळसे वेचले, फेरीवाल्याबरोबर कापडाचे गाठोडे वाहिले, गिरणीत झाडूवाला म्हणून काम केले. अक्षरओळख झाली ती दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची भित्तिपत्रके वाचता वाचता. याच काळात त्याने गिरणगावातील लाल झेंड्याच्या सभा ऐकल्या आणि संप पाहिले.

गिरणीचे काम सुटल्यावर तो गावी परतला आणि नात्यातील बापू साठे यांच्या तमाशाच्या फडात शिरला. येथे त्याची खरी शाळा भरली. ढोलकी, तुणतुणे, पेटी, बुलबुलतरंग अशी हाताला लागेल ती वाद्ये तो वाजवू लागला. पोथ्या आणि लावण्या त्याला मुखोद्गत होत्या. पहाटेपर्यंत प्रेक्षकाला जागे कसे ठेवायचे, हसता हसता त्याला टोचायचे कसे, गर्दी कंटाळली तर ताल कोठे बदलायचा, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नव्हते. परंतु त्या ज्ञानाला मान नव्हता. तमासगीर म्हणजे हलक्या जातीचा, हलक्या धंद्याचा माणूस, असा गावाचा हिशेब होता. रात्री टाळ्या देणारे हात सकाळी त्याला पाणीही वरून ओतत.

१९४२च्या चळवळीत भाग घेतल्यावर पोलिसांचा ससेमिरा लागला आणि अण्णा भाऊ पुन्हा मुंबईस आले. या वेळी मुक्काम होता माटुंग्याच्या लेबर कॅम्पात. तेथील कष्टकरी वस्तीत कम्युनिस्ट कार्यकर्त्यांच्या सहवासात त्यांनी रचना करण्यास प्रारंभ केला, आणि आरंभीच्या रचनांपैकी एक होती ती कॅम्पातील डासांवर. पोवाडा म्हणजे राजाच्या पराक्रमाचे गान, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत; येथे पोवाड्याचा नायक मच्छर आणि रणभूमी गटाराकाठची झोपडी! ज्यांची झोप रोज उडत होती त्यांना तो पोवाडा आपला वाटला, यात नवल नाही. लगेचच, १९४३ मध्ये, त्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा रचला. डासांपासून व्होल्गाकाठच्या लढाईपर्यंतची ही झेप एका वर्षाच्या आतबाहेरची आहे.

१९४४ साली अमर शेख, द. ना. गव्हाणकर आणि अण्णा भाऊ यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. बार्शीच्या अमर शेखांचा पहाडी आवाज, गव्हाणकरांची शाहिरी आणि अण्णा भाऊंची तमाशात मुरलेली प्रतिभा, असे हे त्रिकूट. पारंपरिक तमाशाचा आरंभ गणाने होतो, नंतर गवळण, बतावणी आणि शेवटी वग. अण्णा भाऊंनी ही चौकट मोडली नाही. तिच्यातील माणसे बदलली. गणात गणपतीच्या जागी मातृभूमीला, हुतात्म्यांना आणि श्रमिकांना वंदन आले. गवळणींची वाट अडविणारा कृष्ण आणि मावशीचा तो सारा थिल्लरपणा गेला. नाच्या गेला, शृंगारिक लावणी गेली. सोंगाड्या मात्र राहिला, कारण राजाला तोंडावर खोटे ठरविण्याचे काम शतकानुशतके तोच करीत आला होता; आता त्याच्यासमोर राजाऐवजी सावकार, शेटजी आणि पुढारी उभे राहिले. 'अकलेची गोष्ट', 'शेटजींचे इलेक्शन', 'देशभक्त घोटाळे', 'मूक मिरवणूक' ही नुसती नावेच या बदलाची साक्ष देतात.

इतिहासाच्या दृष्टीने येथे एक नोंद आवश्यक आहे. तमाशाचे हे शुद्धीकरण अण्णा भाऊंपासून सुरू झाले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभीच सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यातून भटशाही आणि सावकारी यांवर प्रहार केले होते. पुढे नाशिककडील भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारख्या जलसाकारांनी आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. त्या जलशांतही नाच्याला आणि गवळणीला स्थान नव्हते. सत्यशोधक जलसा, आंबेडकरी जलसा आणि लाल बावट्याचे लोकनाट्य या एकाच ओढ्याच्या धारा आहेत. आपल्याकडे या तिन्ही धारांची स्वतंत्र स्मारके होतात, ओढा कोणी पाहत नाही.

खानदेशाशी अण्णा भाऊंचे नाते याच काळातील. १९४६ साली अमळनेरच्या प्रताप मिलच्या कामगारांवर गोळीबार झाला. त्यात बळी पडलेल्यांवर अण्णा भाऊंनी 'अमळनेरचे अमर हुतात्मे' हा पोवाडा रचला. बोरीकाठच्या गिरणीत राबणाऱ्या माणसांची नावे त्यामुळे शाहिरी वाङ्मयात गेली. धुळे, जळगाव, अमळनेर, चाळीसगाव या गिरणीगावांतील ज्या कुटुंबांची मुले आपल्या शाळेत शिकून गेली, त्यांनी हा पोवाडा एकदा तरी मिळवून मोठ्याने वाचावा. आज त्या गिरण्यांचे भोंगे बंद झाले आहेत, म्हणून तर विशेषच.

१९४९ मध्ये भारतीय जननाट्य संघाच्या म्हणजे इप्टाच्या अखिल भारतीय अध्यक्षपदी त्यांची निवड झाली. दीड दिवस शाळेत गेलेला हा तमासगीर, आणि त्याच्याभोवती देशातील नामवंत नट, दिग्दर्शक, कवी. परंतु मानाच्या त्या पदाने दोन वेळची भाकर मिळत नव्हती, आणि जे मुख्य साधन होते त्यावरच घाला आला होता. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबई सरकारने लाल बावटा कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. इंग्रजांच्या राज्यात जे गाता आले ते स्वराज्यात गाता येईना. पुढे तिघा शाहिरांच्या वाटाही वेगळ्या झाल्या.

रंगमंचावरील कलावंताची अडचण लेखकाहून निराळी असते. त्याला साथीदार लागतात, मैदान लागते, परवाना लागतो, धडधाकट शरीर लागते. यातले एक काढून घेतले की कला मुकी होते. अण्णा भाऊंचे तर एकदम बरेच काढून घेतले गेले. अशा वेळी एखादा माणूस जुन्या टाळ्या आठवीत बसला असता. अण्णा भाऊ घाटकोपरच्या चिरागनगरातील आपल्या झोपडीत कथा-कादंबऱ्या लिहीत बसले. तीसहून अधिक कादंबऱ्या आणि अनेक कथासंग्रह या माणसाने लिहिले.

ढोलकी सोडून त्यांनी लेखणी धरली असे म्हणतात, ते मला पूर्ण पटत नाही. त्यांच्या कादंबरीत पात्राचा प्रवेश होतो तो रंगमंचावर व्हावा तसा. संवाद सवाल-जवाबासारखे झडतात. संकटाच्या क्षणी वाक्ये आखूड होतात, जणू ढोलकीची लय वाढली आहे. समीक्षकांनी या लेखनाला भडक म्हटले. काही कादंबऱ्या घाईने, पोटासाठी लिहिल्या गेल्या हेही खरे, आणि त्या तशा वाटतात. परंतु 'फकिरा' हातात घेऊन एक प्रकरण वर्गात मोठ्याने वाचावे. मागच्या बाकावरची मुले पुढे सरकतात, हा माझा अनेक वर्षांचा अनुभव आहे. हे लेखन ऐकणाऱ्यांसाठी आहे. एकट्याने मनात वाचणाऱ्याला त्याचे अर्धेच बळ कळते.

'वैजयंता' या कादंबरीचाही उल्लेख केला पाहिजे. आपल्या लोकनाट्यातून अण्णा भाऊंनी शृंगारिक नाच वगळला होता. ते योग्यच होते. पण त्या नाचावर जी स्त्री जगत होती तिचे काय, हा प्रश्न उरतोच. 'वैजयंता'मध्ये त्यांनी तमाशातील कलावंतीणच नायिका केली आणि तिच्या कलेला व अब्रूला एकाच वेळी मान दिला. रंगमंचावर जिला जागा देता आली नाही, तिला त्यांनी पुस्तकात जागा दिली. १९६१ मध्ये या कादंबरीवर चित्रपटही निघाला.

'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. ही कादंबरी त्यांनी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली. त्यापूर्वी २ मार्च १९५८ रोजी मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांच्याच हस्ते झाले. पृथ्वी शेषाच्या मस्तकावर नव्हे तर दलितांच्या आणि श्रमिकांच्या तळहातावर तरली आहे, असा त्या भाषणाचा आशय सर्वपरिचित आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर त्यांनी रचलेले भीमरावांच्या संदेशाचे गीत तर आपल्या प्रत्येक जयंतीत गायिले जाते. गाणाऱ्या कित्येकांना त्याचा कवी ठाऊक नसतो. ते कम्युनिस्ट होते की आंबेडकरवादी, हा वाद आजही रंगतो. अण्णा भाऊंनी लाल बावटा खाली ठेवला नाही आणि बाबासाहेबांपुढे माथा झुकविण्यासही कोणाची परवानगी मागितली नाही. वाद घालणाऱ्यांनी आधी या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहाव्यात.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात ते पुन्हा रंगमंचावर उभे राहिले. 'माझी मैना' या छक्कडीत गावी राहिलेल्या सखीच्या विरहाचे गाणे पाहता पाहता तुटलेल्या महाराष्ट्राचे गाणे होते. लाखोंच्या सभा त्या छक्कडीवर डोलल्या. १ मे १९६० रोजी राज्य झाले. १९६१ मध्ये अण्णा भाऊ सोव्हिएत रशियाला जाऊन आले आणि 'माझा रशियाचा प्रवास' हे प्रवासवर्णन त्यांनी लिहिले. परतल्यावर उतरले ते चिरागनगरातच.

पालकांच्या प्रश्नाकडे मी येथे पुन्हा येतो, कारण या भागावर आपली व्याख्याने सहसा पडदा टाकतात. कादंबऱ्या खपत होत्या, त्यांवर चित्रपट निघत होते, परंतु लेखकाच्या पदरी फार थोडे पडत होते. हिशेब ठेवणे, करार वाचून सही करणे, मोबदला ठणकावून मागणे या गोष्टी अण्णा भाऊंना कधी जमल्या नाहीत. संसार विस्कटला, व्यसन जडले, प्रकृती खालावली. शोषणाचे गणित हजारो लोकांना समजावून सांगणाऱ्या माणसाचे स्वतःचे गणित दुसरेच कोणी मांडीत होते. पार्टी चालविणाऱ्या आपल्या माजी विद्यार्थ्यांना मी म्हणूनच सांगत असतो, की सुपारी घेताना कागद करा, आणि साथीदारांचा वाटा त्याच रात्री द्या.

१९६८च्या सुमारास शासनाने त्यांना गोरेगावात छोटेसे घर दिले. झोपडीतून त्या घरात गेल्यावर त्यांना फार काळ लाभला नाही. १८ जुलै १९६९ रोजी तेथे त्यांचे निधन झाले. पन्नाशी पूर्ण होण्यास वर्ष बाकी होते. त्यानंतर अवघ्या सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेखही अपघातात गेले. लाल बावटा कलापथकाचे दोन आवाज एकाच पावसाळ्यात थांबले.