जोडे शिवणारा घटनाकार

कायद्याची पदवी आम्हांस कॉलेजात मिळाली. रॉजर शर्मन ह्या अमेरिकन मुत्सद्द्याने कॉलेजाचे तोंडही पाहिले नव्हते. मॅसॅच्युसेट्स प्रांतात १७२१ साली जन्मलेला हा पुरुष प्रथम जोडे शिवण्याचा धंदा शिकला. पुढे कनेक्टिकटात त्याने दुकान घातले, जमिनीची मोजणी केली, पंचांगे काढिली आणि कायद्याची पुस्तके आपली आपणच वाचून १७५४ साली वकिलीची सनद मिळविली. शेजारच्या प्रांतांच्या घसरत्या कागदी चलनात उधारी फिटली तर दुकानदार कसा बुडतो, हे त्याने त्यापूर्वीच १७५२ साली पुस्तिका लिहून दाखविले होते. आमच्या व्यापारी वाचकांस हे निराळे सांगावयास नको! १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे. १७८७ च्या घटनासभेत लहानमोठ्या राज्यांचा तंटा विकोपास गेला, तेव्हा एका सभागृहात लोकसंख्येप्रमाणे व दुसऱ्यात प्रत्येक राज्यास सारखे मत, ही तोड त्यानेच सुचविली. परंतु त्याच सभेत, गुलामांचा व्यापार स्वतःस निंद्य वाटत असताही, दक्षिणेची राज्ये फुटू नयेत म्हणून तो चालू राहू देण्यास त्याने संमती दिली. ही तडजोड आम्हांस मुळीच रुचत नाही. १८०८ पूर्वी तो व्यापार बंद करण्यास काँग्रेसला घटनेनेच मनाई झाली. शर्मन १७९३ साली वारला, तेव्हा त्या मुदतीची चौदा वर्षांहून अधिक बाकी होती.