गोपाळ गणेश आगरकर

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी सातारा जिल्ह्यातील टेंभू या गावी झाला. घरी विलक्षण दारिद्र्य होते. अंगातला एकुलता एक सदरा रात्री धुवावा व सकाळी तोच घालावा, अशा स्थितीत त्यांनी विद्या संपादन केली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात बाळ गंगाधर टिळकांशी त्यांचा गाढ स्नेह जमला. मोठ्या पगाराच्या नोकरीचा मोह सोडून लोकशिक्षणास वाहून घेण्याचा निश्चय दोघांनी केला. १८८१ साली ‘केसरी’ पत्र निघाले. आगरकर त्याचे पहिले संपादक झाले. कोल्हापूर प्रकरणी १८८२ मध्ये हे दोघे मित्र १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात एकत्र राहिले.

पुढे मात्र त्यांचे मार्ग भिन्न झाले. समाजसुधारणा आधी झाली पाहिजे, असे आगरकरांचे मत होते. टिळकांस ते मान्य नव्हते. १८८८ साली आगरकरांनी ‘सुधारक’ पत्र काढले व बालविवाहासारख्या रूढींवर कठोर टीका केली. चिडलेल्या लोकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. पण ते डगमगले नाहीत. दोघा मित्रांतही कडाक्याचे वाद झडले.

दम्याने जर्जर झालेले आगरकर १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी निवर्तले. तेव्हा ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. आपल्या अंत्यविधीपुरते पैसे त्यांनी आधीच बांधून ठेवले होते. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला. त्यात वादाची कटुता नव्हती. जुन्या सोबत्याच्या बुद्धीचा व त्यागाचा मनःपूर्वक गौरव होता. मते जुळली नाहीत, तरी मित्राची थोरवी टिळक विसरले नाहीत.