एव्हारिस्त गाल्वा

फ्रान्समधील पॅरिस शहराजवळ बूर-ला-रेन नावाचे गाव आहे. तेथे २५ ऑक्टोबर १८११ रोजी एव्हारिस्त गाल्वा याचा जन्म झाला. त्याचे वडील पुढे गावाचे नगराध्यक्ष झाले. बारा वर्षांचा होईपर्यंत आईनेच त्याला घरी शिकविले. नंतर पॅरिसच्या शाळेत भूमितीचा एक ग्रंथ त्याच्या हाती पडला आणि त्याला गणिताचा ध्यास लागला.

पण यश त्याला पारखेच राहिले. एका नामांकित तंत्रविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेत तो दोनदा नापास झाला. दुसऱ्या परीक्षेच्या थोडेच दिवस आधी त्याचे वडील वारले होते. १८३० साली त्याने विज्ञान अकादमीकडे एक निबंध पाठविला. तो ज्यांच्याकडे होता ते चिटणीस मरण पावले आणि निबंध गहाळ झाला. पुन्हा लिहून पाठविलेला निबंध परीक्षकांना समजला नाही.

तरीही त्याने लेखणी खाली ठेवली नाही. १८३० सालीच प्रसिद्ध झालेल्या एका लेखात त्याने मोजक्या संख्यांच्या कुटुंबांचा विचार मांडला. घड्याळात दहा वाजल्यानंतर पाच तास गेले, की तीन वाजतात. उत्तर तबकडीबाहेर जात नाही. गाल्वाच्या कुटुंबांतही तसेच घडते. शिवाय, शून्याने भागणे वगळल्यास, तेथे भागाकारही नेहमी करता येतो. त्यामुळे गुणाकार उलट फिरवून मूळ संख्या परत मिळते.

गाल्वा राजेशाहीचा विरोधक होता. त्यासाठी त्याने तुरुंगवासही भोगला. मे १८३२ मध्ये त्याच्यावर द्वंद्वयुद्धाचा प्रसंग आला. आदल्या रात्री त्याने आपले शोध एका पत्रात लिहून काढले व ते मित्रासाठी ठेवले. ३० मे रोजी त्याला गोळी लागली आणि दुसऱ्या दिवशी त्याचा अंत झाला. तेव्हा तो अवघा वीस वर्षांचा होता. १८४६ साली लिऊव्हिल या गणितज्ञाने त्याचे लेखन प्रसिद्ध केले आणि जगाला त्याची थोरवी कळली.

२००१ साली अमेरिकेने दोन बेल्जियन तज्ज्ञांनी रचलेली सांकेतिक लेखनाची पद्धत प्रमाण मानली. पुढे ती जगभर रूढ झाली. तीत गाल्वाचे २५६ संख्यांचे कुटुंब वापरले आहे. गुप्त किल्लीच्या साहाय्याने मजकुराच्या संख्या बदलून त्यांची सरमिसळ करतात. ज्याच्याजवळ किल्ली असेल, तोच या क्रिया उलट फिरवून मूळ मजकूर वाचू शकतो. संगणकांच्या जाळ्यातून जाणारे बँकांचे व्यवहार आणि खासगी पत्रे याच रीतीने परक्या नजरेपासून दूर राहतात. ज्याचे स्वतःचे लिखाण गहाळ झाले, त्याचे गणित आज असंख्य लोकांचे लिखाण सांभाळीत आहे.