माधव जूलियन आणि त्यांचा फार्शी-मराठी कोश

आपल्या जिल्ह्यातला शेतकरी खरिपात सोयाबीन पेरतो, रब्बीला हरभरा घेतो आणि हळदीचा हिशेब करून रक्कम घरी आणतो. या एका वाक्यातले जिल्हा, खरीप, रब्बी, हिशेब आणि रक्कम हे पाचही शब्द मूळचे अरबी आहेत. अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू आणि रबीअ म्हणजे वसंत. फारसीच्या वाटेने हे शब्द राज्यकारभारात आले आणि तेथून थेट शिवारात उतरले. अशा शब्दांचा मोठा कोश ज्या मराठी कवीने केला, त्याची ओळख आपल्या मुलांना असली पाहिजे. ते कवी म्हणजे माधव जूलियन.

त्यांचे खरे नाव माधव त्र्यंबक पटवर्धन. जन्म २१ जानेवारी १८९४ रोजी बडोदे येथे झाला. जूलियन हे टोपणनाव इंग्रजी साहित्याच्या ओढीने घेतलेले. पण कॉलेजात त्यांना खरा लळा लागला तो फारसीचा. १९१८ पासून पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात आणि पुढे १९२८ पासून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात त्यांनी फारसीच शिकवली. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळातले ते अग्रगण्य कवी. मराठीत गझल रुजवण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. त्यांचा ‘गज्जलांजलि’ हा संग्रह १९३३ चा.

फार्शी-मराठी कोश १९२५ साली प्रसिद्ध झाला. त्याची गरज का होती? शिवकालीन आणि पेशवेकालीन कागद उघडून पाहा. अर्ज, हुकूम, वसूल, बाकी, मजकूर, मुक्काम यांच्यावाचून एक ओळ पुढे सरकत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला या शब्दांचे मूळ आणि अर्थ नेमके कळले पाहिजेत, आणि अर्थ तर वाटेत बदललेले असतात. अरबीत गरीब म्हणजे परका, अनोळखी माणूस; मराठीत तो निर्धन झाला! कवीने असे किचकट काम हाती घ्यावे, शब्दामागून शब्द तपासत बसावे, हे मला त्यांच्या कवितेइतकेच मोठे वाटते.

त्यांनी उमर खय्यामच्या रुबायांचा अनुवाद थेट फारसीवरून केला. तो १९२९ साली आला. फिट्झजेराल्डच्या इंग्रजी अवतारावरून केलेली ‘द्राक्षकन्या’ ही १९३१ ची. खय्याम हा केवळ कवी नव्हे, नामांकित गणिती होता. त्याने ‘जब्र’ या गणितावर अरबीत ग्रंथ लिहिला. अल्-जब्र हे नाव त्याच्याआधी नवव्या शतकात अल्-ख्वारिज्मीच्या ग्रंथामुळे रूढ झाले होते. तेच युरोपात जाऊन अल्जिब्रा बनले आणि अल्-ख्वारिज्मीच्या नावावरून अल्गोरिदम हा शब्द निघाला.

म्हणजे पाहा, अरबी शब्द एका वाटेने मराठीत आले, तर दुसऱ्या वाटेने लॅटिन, स्पॅनिश, पोर्तुगीज, फ्रेंच असे मुक्काम करीत इंग्रजीत गेले. आपण मोसमी वारे म्हणतो, इंग्रज मान्सून म्हणतो. दोन्हींच्या मुळाशी अरबी मौसिम. आपला किरमिजी रंग आणि त्यांचा क्रिम्झन ही सख्खी भावंडे. आपला खजिना आणि इंग्रजी मॅगझिन एकाच धातूचे, कारण मखझन म्हणजे साठवणीची जागा. आधी दारूगोळ्याचे कोठार, मग माहितीचे कोठार म्हणून मासिक. तारीफ शब्दाचा मूळ अर्थ ओळख करून देणे. आपल्याकडे ती स्तुती झाली, इंग्रजीत दरपत्रक, म्हणजे टॅरिफ. घरी उर्दू किंवा दखनी बोलणारी आमची मुले मराठीच्या तासाला बिचकतात. त्यांच्या आईवडिलांना मी हेच शब्द दाखवतो.

पण वाचकहो, चरित्र अर्धेच सांगणे बरे नव्हे. हेच माधवराव पुढे भाषाशुद्धीचे कट्टर पुरस्कर्ते झाले. १९३६ साली जळगावच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३८ साली त्यांचे ‘भाषाशुद्धि-विवेक’ हे पुस्तक आले. मराठीतून फारसी-अरबी शब्द वगळावेत असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजी शब्दांनाही त्यांनी सूट दिली नाही. ज्याने या शब्दांची शिरगणती केली त्यानेच त्यांना निरोप द्यावा, याचे वाईट वाटते. मला हे मत पटत नाही. तरीही ते अज्ञानातून आलेले नव्हते, एवढे मान्य करावेच लागते. त्या चळवळीतून आलेला ‘दिनांक’ सरकारी कागदावर स्थिरावला, पण कोर्टात पक्षकाराला अजून तारीखच मिळते.

त्याच १९३८ साली ‘छंदोरचना’ या ग्रंथाबद्दल मुंबई विद्यापीठाने त्यांना डी.लिट्. दिली. पुढच्याच वर्षी, २९ नोव्हेंबर १९३९ रोजी, वयाच्या अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी ते गेले. त्यानंतर १९४० साली त्यांचे ‘मधुलहरी’ प्रसिद्ध झाले, आणि तेही पुन्हा खय्यामवरच होते.