सरळ रेषेमागचे देकार्त

इतवारीत ५० रुपये किलोचा तांदूळ घेतला आणि हातगाडीचे भाडे १०० रुपये पडले, तर खर्च य = ५०क्ष + १००. ग्राफिंग कॅल्क्युलेटरवर हे भरताच सरळ रेष उमटते. भाव वाढला की ती अधिक चढी होते. भाडे वाढले की अख्खी वर सरकते.

समीकरण आणि आकृतीची ही सांगड रेने देकार्त यांनी १६३७ मध्ये भूमितीवरील ग्रंथात घातली. १५९६ साली फ्रान्समध्ये जन्मलेले देकार्त लहानपणापासून नाजूक प्रकृतीचे. शाळेतही त्यांना उशिरा उठण्याची मुभा होती. ती सवय आयुष्यभर टिकली. १६४९ मध्ये राणी क्रिस्तिनाच्या बोलावण्यावरून ते स्वीडनला गेले. कडाक्याच्या थंडीत पहाटे पाचची शिकवणी सुरू झाली. न्यूमोनियाने ११ फेब्रुवारी १६५० रोजी, वयाच्या ५३व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.