वरोऱ्याचे बाबा आमटे

चांद्याहून नागपूरकडे जाणाऱ्या सडकेवर वरोरा हें गांव लागतें. गांवाबाहेर थोड्या अंतरावर आनंदवन आहे, आणि आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं तें निदान मोटारीच्या खिडकींतून तरी पाहिलें असेल. तें ज्यांनीं वसविलें, त्या बाबा आमट्यांस जाऊन बराच काळ लोटला. हें पान वाचणाऱ्या विद्यार्थ्यांचा त्या वेळीं जन्मही झाला नव्हता. त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. परंतु मरणोन्मुख माणसाजवळ बसून त्याची शुश्रूषा करणें म्हणजे काय, हें त्यांच्या चरित्रांत जितकें स्पष्ट दिसतें तितकें क्वचितच कोठें दिसेल, आणि तिकडे फारसें कोणाचें लक्ष जात नाहीं. त्याच दृष्टीनें आम्ही तें येथें सांगत आहों.

मुरलीधर देवीदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजीं वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें झाला. घराणें जहागिरदारांचें, वडील सरकारी अधिकारी. 'बाबा' हें आईबापांनीं ठेविलेलें लाडकें नांव होय. साधुत्वामुळें तें मिळालें अशी पुष्कळांची समजूत आहे, ती बरोबर नाहीं. लहानपणींच त्यांच्या हातीं बंदूक आली आणि रानडुकरांच्या व हरिणांच्या शिकारींत दिवस जाऊं लागले. तरुणपणीं त्यांच्यापाशीं स्वतःची मोटार होती व तिच्या बैठकीवर बिबळ्याचें कातडें घातलेलें असे. इंग्रजी चित्रपटांवर ते परीक्षणें लिहीत. पुढें ते वकील झाले व वकिलीही चांगली चालली. हें सारें सांगण्याचें कारण एवढेंच कीं, घाण, दुर्गंधि व दैन्य यांची संवय या पुरुषास मुळींच नव्हती.

१९४२ च्या चळवळींत पकडल्या गेलेल्या पुढाऱ्यांची बाजू त्यांनीं कोर्टांत मांडली. सेवाग्राम जवळच असल्यामुळें गांधीजींचा सहवास घडला. आगगाडींत एका स्त्रीची छेड काढणाऱ्या गोऱ्या शिपायांस ते एकटे आडवे गेले, हें ऐकून गांधीजींनीं त्यांस अभयसाधक ही पदवी दिली. वरोऱ्याच्या नगरपालिकेचे उपाध्यक्ष असतां मैला वाहणाऱ्या कामगारांचें काम त्यांनीं नऊ महिने स्वतः केलें व टोपली डोक्यावरून वाहिली. १९४६ सालीं नागपूरच्या घुले घराण्यांतील इंदूताईंशीं त्यांचा विवाह झाला. त्याच पुढें साधनाताई या नांवानें सर्वांस माता झाल्या.

अशा निर्भय मनुष्याच्या आयुष्यांत एक पावसाळी रात्र आली. काम आटोपून येत असतां वाटेच्या कडेस त्यांस चिंध्यांचा ढीग दिसला. नीट पाहिलें तों तो माणूस होता. तुळशीराम त्याचें नांव. महारोगानें त्याचीं बोटें झडून गेलीं होतीं, जखमांत किडे पडले होते, आणि प्राण तेवढा शिल्लक होता. बाबा घाबरले, आणि तेथून घराकडे पळाले.

हा पळ आम्हांस त्यांच्या पुढील सर्व पराक्रमांहून मोलाचा वाटतो. चरित्रकार तो एका ओळींत आटोपतात. पण ज्यानें रोग्याच्या खोलीच्या दारांत पाऊल घालून तें मागें घेतलें आहे, त्यास त्या ओळींतच आपली ओळख पटेल. घरीं कोणी आजी-आजोबा अंथरुणास खिळले असतां, त्या खोलींत जाण्याचें आपण कितीदां टाळतों! अभ्यास आठवतो, विहिरीवरचें काम आठवतें. भय असतें तें रोगाचें तितकें नव्हे, जितकें त्या दृश्याचें. गोऱ्या शिपायांस न भ्यालेला मनुष्य एका असहाय देहास भ्याला, यांत नवल कांहींच नाहीं.

नवल यांत आहे कीं बाबा परत गेले. त्यांनीं तुळशीरामास पाऊस लागूं नये म्हणून तट्ट्यांचा आडोसा केला, स्वतःच्या हातानें त्यास अन्न भरविलें आणि त्याची देखभाल केली. तो बरा होण्यासारखा नव्हता व झालाही नाहीं. बाबांच्या देखरेखीखालींच त्यानें प्राण सोडला. अशा शुश्रूषेंत वैद्याचें यश नसतें. जखम धुवावयाची, ती उद्यां पुन्हां तशीच होणार हें जाणून. घास भरवावयाचा, तो कदाचित् शेवटचा हें जाणून. आणि रोगी जाईपर्यंत आपण उठून जावयाचें नाहीं. परंतु बाबांस अंतरांत ठाऊक होतें कीं, आपण गेलों खरे, पण भय गेलें नाहीं. पुढें कित्येक महिने तें त्यांस छळीत राहिलें. प्रेम असेल तेथें भय नसावें, आणि भय असेल तर प्रेम अपुरें आहे, असा हिशेब त्यांनीं स्वतःशींच मांडला व महारोग्यांची सेवा हेंच काम पत्करिलें. साधनाताईंनीं त्यास रुकार दिला. घरांत दोन तान्हीं मुलें असतां हा रुकार देणें किती कठीण, हें आमच्या वाचकांतील माता जाणतील.

नुसती कळवळ पुरत नाहीं, विद्याही हवी, हें त्यांनीं लवकर ओळखलें. १९४९ सालीं कलकत्त्यास उष्णकटिबंधीय रोगांच्या संस्थेंत त्यांनीं महारोगाच्या चिकित्सेचें शिक्षण घेतलें. हान्सेन या नॉर्वेच्या डॉक्टरानें १८७३ सालीं या रोगाचे जंतु शोधिले होते, परंतु प्रयोगशाळेंत ते वाढवितां येत नसत. म्हणून प्रयोगासाठीं बाबांनीं ते जंतु आपल्याच शरीरांत टोंचूं दिले. रोग जडला नाहीं. हा रोग लोक समजतात तितका चटकन् लागत नाहीं, आणि आतां तर तो औषधानें पुरता बरा होतो. हवाई बेटांतील मोलोकाय येथें महारोग्यांमध्यें राहून सेवा करणारे बेल्जमचे फादर दामियन यांस मात्र औषधाचें हें भाग्य लाभलें नाहीं. १८८९ सालीं ते त्याच रोगानें वारले.

१९५१ सालीं सरकारनें दिलेल्या पन्नास एकर खडकाळ जमिनीवर आनंदवन उभें राहिलें. बरोबर पत्नी, दोन मुलें, सहा महारोगी, एक लंगडी गाय आणि जवळ चौदा रुपये. रान विंचू-सापांचें, पाण्यासाठीं विहीर खणावी लागली, ती याच झडलेल्या हातांनीं खणली. भाजीपाला भरपूर पिकूं लागला, तर बाजारांत तो कोणी घेईना! १९५४ च्या सुमारास निरनिराळ्या देशांतील स्वयंसेवक तेथें येऊन राहिले व इमारतींच्या कामास लागले. ते आनंदवनांतलेंच अन्न खात. परदेशचे लोक खातात असें पाहिल्यावर वरोऱ्याचें गिऱ्हाईक हळूहळू आलें. आपल्या माणसांचा विश्वास बसावयास परक्यांची साक्ष लागावी, हें कांहीं भूषण नव्हे.

पुढें मूलजवळ सोमनाथ येथें शेतीची वसाहत झाली. १९७३ सालीं भामरागडच्या अरण्यांत हेमलकसा येथें माडिया लोकांसाठीं काम सुरू झालें, आणि तें डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी यांनीं अंगावर घेतलें. तो भाग तेव्हां चंद्रपूर जिल्ह्यांतच होता. गडचिरोली जिल्हा १९८२ सालीं निराळा झाला. पावसाळ्यांत नद्या भरल्या कीं बाहेरची वाट बंद होई, आणि रोगी आला तर त्याचें जें काय करावयाचें तें तेथेंच करावें लागे.

बाबांस पाठीच्या कण्याचा विकार जडला. कित्येक वर्षें त्यांस बसतां येत नसे. उभें तरी राहावें किंवा पडून तरी असावें. त्याही स्थितींत ते १९८५ सालीं कन्याकुमारीहून काश्मीरपर्यंतच्या भारत जोडो यात्रेस निघाले, आणि १९९० नंतर बरींच वर्षें नर्मदेच्या कांठीं राहिले. मॅगसेसे, टेम्पलटन इत्यादि मोठीं पारितोषिकें त्यांस मिळालीं.

अखेरीस रक्ताचा कर्करोग झाला. ९ फेब्रुवारी २००८ रोजीं आनंदवनांतच, ९३ वर्षांचे असतां, त्यांनीं देह ठेविला. त्या देहास अग्नि दिला नाहीं. ज्या जमिनींत त्यांनीं सहा महारोग्यांसह पहिली विहीर खणली होती, तिच्यांतच तो पुरला.